गाण्याची बढत: गिटार आणि वाद्यमेळ यांच्या आधारे गाणे टप्प्याटप्प्याने कसे चढवावे

गणेशोत्सवात, कॉलेजच्या स्नेहसंमेलनात किंवा एखाद्या वाचनालयाच्या भावगीतसंध्येत बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातली तरुण मुले आता पेटी-तबल्याच्या शेजारी गिटार घेऊन बसतात आणि बहुतेकदा चांगली वाजवतात. कॉर्ड बरोबर असतात, लय सुटत नाही, गायकाचा स्वरही लागलेला असतो. तरीही तिसऱ्या कडव्यापर्यंत पोहोचता पोहोचता श्रोत्यांची चुळबुळ सुरू होते. कारण शोधायला गेले, तर ते पहिल्या वीस सेकंदांतच सापडते. सहाही तारांवर पूर्ण हात फिरवून जो भरणा पहिल्या ओळीला दिला, तोच शेवटच्या ओळीलाही दिलेला असतो. गाणे जिथे सुरू झाले, तिथेच ते अखेरपर्यंत उभे राहते.

मीही बरीच वर्षे असेच वाजवत होतो. एका कार्यक्रमात पहिल्याच ध्रुवपदाला श्रोत्यांनी टाळ्यांचा ठेका धरला, म्हणून आम्ही सगळी वाद्ये तिथेच खुली केली, आणि उरलेली तीन मिनिटे आमच्याजवळ देण्यासारखे काहीही शिल्लक राहिले नाही. त्यानंतर मी गाणे बांधण्याची रीत बदलली. ती रीत मी येथे एका उदाहरणाच्या आधाराने मांडत आहे.

या रीतीचे मूळ आपल्या मातीतच आहे. धारवाड-बेळगाव परिसरातला श्रोता ख्यालगायन ऐकत आलेला आहे. कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ साली बेळगावजवळच्या सुळेभावीत झाला आणि पंडित रामभाऊ विजापुरे यांची पेटी या शहराने अनेक दशके ऐकली. ख्यालात गायक मंद्र आणि मध्य सप्तकातल्या स्वरांवर दीर्घ काळ रेंगाळतो आणि तार षड्ज, म्हणजे वरच्या सप्तकातला सा, राखून ठेवतो. म्हणूनच तो षड्ज लागतो तेव्हा बैठकीतून दाद उमटते. याला आपण बढत म्हणतो. साडेतीन मिनिटांच्या गाण्यात ख्यालाएवढा अवकाश नसला, तरी तत्त्व हेच लागू पडते: कोणती गोष्ट कुठवर राखून ठेवायची, हे वादकाने वाजवायला बसण्यापूर्वी ठरवलेले असले पाहिजे.

उदाहरणाचे गाणे

आपले गाणे जी मेजरमध्ये, म्हणजे पेटीच्या भाषेत पांढरी पाचमध्ये आहे असे धरू. ताल केरवा आहे, मेट्रोनोम, म्हणजे लय मोजून देणारे यंत्र, मिनिटाला ८० ठोक्यांवर आहे आणि प्रत्येक ठोक्यात केरव्याच्या दोन मात्रा बसतात. त्यामुळे आठ मात्रांचे एक आवर्तन बरोबर तीन सेकंदांचे होते. ध्रुवपदाचे कॉर्ड जी, डी, ई मायनर आणि सी असे आहेत, तर कडव्याचे ई मायनर, सी, ई मायनर आणि डी असे आहेत. प्रत्येक कॉर्ड एक आवर्तन टिकतो. चार आवर्तनांचा आरंभ, आठ आवर्तनांचे ध्रुवपद, मग आठ-आठ आवर्तनांची तीन कडवी आणि त्यांच्यामध्ये ध्रुवपद, अखेरीस सोळा आवर्तनांचे ध्रुवपद आणि चार आवर्तनांचा शेवट, अशी एकूण ७२ आवर्तने, म्हणजे ३ मिनिटे ३६ सेकंद होतात. गायकाला काळी चार सोयीची असेल तर याच कॉर्डांच्या बोटांच्या आकृत्या पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सर्व तारा एकदम दाबणारा चिमटा, लावून वाजवाव्यात.

मराठी गाण्याच्या बांधणीतली एक अडचण येथे लक्षात घ्यायला हवी. आपले गाणे बहुधा ध्रुवपदानेच सुरू होते. सर्वांत आकर्षक ओळ श्रोत्याला आरंभीच मिळते आणि पुढे तीच ओळ आणखी तीन वेळा येते. म्हणून एकाच ध्रुवपदाची चार वेगवेगळी रूपे तयार करावी लागतात, आणि त्यांतले पहिले सर्वांत उघडे-वाघडे ठेवावे लागते. माझ्या मते या एका निर्णयावर अर्धे काम अवलंबून आहे.

शिखर आधी, सुरुवात नंतर

गिटार बाजूला ठेवावी आणि गायकाला पूर्ण गाणे वाद्यांशिवाय म्हणायला सांगावे. गायकाचा आवाज कोणत्या शब्दावर आपोआप उंचावतो, कुठे तो श्वास राखून ठेवतो, अर्थाचा भार कोणत्या ओळीवर पडतो, हे कागदावर टिपावे. शिखर म्हणून गाण्यातली एकच जागा निवडावी आणि ती अक्षरापर्यंत निश्चित करावी. आपल्या उदाहरणात ती जागा अखेरच्या ध्रुवपदाची पहिली सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, आहे.

यानंतर अखेरचे ध्रुवपद आधी बसवावे. त्यात जे जे हवे ते सर्व घालावे: सहा तारांचा भरणा, दुसरी गिटार, टाळ, लग्गी (तबल्याचा जलद, चपळ ठेका), कोरस. ते मनासारखे उभे राहिले, की तिथून मागे मागे येत प्रत्येक टप्प्यावर एक-दोन गोष्टी काढून घ्याव्यात. सुरुवातीपासून पुढे बांधत गेले, तर प्रत्येक वेळी थोडे अधिक घालण्याचा मोह होतो आणि शिखर येण्यापूर्वीच सामग्री संपते. शेवटाकडून मागे बांधत येताना ही चूक होऊच शकत नाही, कारण काय शिल्लक राखायचे आहे ते आधीच समोर दिसत असते.

कागदावर एक साधा तक्ता करावा. उभ्या रकान्यांत गाण्याचे टप्पे आणि आडव्या ओळींत किती तारा वाजतात, खर्ज, म्हणजे तळाचा जाड स्वर, आहे की नाही, आघात किती दाट आहेत, तारा दाबलेल्या की मोकळ्या आहेत, कोणती वाद्ये चालू आहेत, हे लिहावे. एका टप्प्यावरून दुसऱ्यावर जाताना दोनपेक्षा अधिक ओळी बदलू नयेत, असा मी दंडक पाळतो. याला अपवाद फक्त शिखराचा.

उजवा हात

गिटारवर बढत साधण्याचे मुख्य साधन उजवा हात आहे, आणि आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित असलेली गोष्टही हीच आहे. एकच ई मायनर कॉर्ड धरून, मेट्रोनोम चालू ठेवून, पाच वेगवेगळ्या पातळ्यांवर प्रत्येकी चार आवर्तने वाजवण्याचा सराव रोज दहा मिनिटे करावा. पहिली पातळी अंगठ्याच्या मांसल भागाने, दुसरी बोटांनी, तिसरी पाम म्यूटिंगसह, म्हणजे तळहाताने तारा किंचित दाबून, पिकने, चौथी मोकळ्या तारांवर मनगटाने, आणि पाचवी कोपरापासून हात हलवून वाजवावी. प्रत्येक पातळी पुढच्या पातळीपासून कानाला स्पष्ट वेगळी वाटली पाहिजे. प्रारंभी बहुतेकांच्या पाच पातळ्या प्रत्यक्षात दोनच निघतात.

पाम म्यूटिंगमध्ये तळहाताची करंगळीकडची कड ब्रिजवर, जिथे तारा सॅडलवरून उतरतात, तिथे हलकेच टेकवायची असते. हात दोन-तीन मिलिमीटर पुढे सरकला तरी तार पूर्ण बोथट होते आणि स्वर ओळखू येईनासा होतो. हा दाब एकदम न सोडता आठ आवर्तनांत थोडा थोडा सैल करत नेला, तर आवाजाची पातळी फारशी न वाढवता गाणे उघडत गेल्याचा अनुभव येतो. कडव्यासाठी यासारखे दुसरे साधन मला सापडलेले नाही.

आघात कुठे करतो, यालाही तेवढेच महत्त्व आहे. ब्रिजजवळ तार छेडली तर तिच्यातले वरचे स्वरांश अधिक उठतात आणि नाद धारदार होतो. साउंड होलच्या पुढे, फ्रेटबोर्डच्या टोकावर छेडली तर तोच कॉर्ड मऊ आणि गोलसर वाटतो. पहिल्या ध्रुवपदाला हात फ्रेटबोर्डच्या बाजूला ठेवून शेवटच्या ध्रुवपदापर्यंत तो ब्रिजकडे आणत जावे.

जोर वाढवताना लय वाढण्याचा दोष आपल्याकडे विशेष आढळतो, आणि त्याला कारणही आहे. भजनाची लय गजराकडे जाताना चढत जाते, हे लहानपणापासून कानावर पडलेले असते. भजनात ते शोभते, कारण तिथे पखवाज, टाळ आणि गाणारे सर्व जण एकत्र चढतात. गाण्यात लय वाढवायची असल्यास ती कुठून कुठवर वाढेल, हे तबलजीशी बोलून ठरवावे. ८० वरून अखेरच्या ध्रुवपदात ८४ पर्यंत जाणे श्रोत्याला खटकत नाही, उलट उत्साह देते. मात्र न ठरवता वाढलेली लय गायकाचा श्वास खाऊन टाकते. म्हणून पाच पातळ्यांचा वरील सराव मेट्रोनोमशिवाय करू नये.

डावा हात आणि राखून ठेवलेला षड्ज

पहिल्या ध्रुवपदासाठी फक्त चौथी, तिसरी आणि दुसरी तार वापरावी (सर्वांत बारीक तार पहिली, सर्वांत जाड सहावी). जीसाठी या तिन्ही तारा मोकळ्या ठेवाव्यात. डीसाठी तिसरी तार दुसऱ्या फ्रेटवर आणि दुसरी तार तिसऱ्या फ्रेटवर दाबावी. ई मायनरसाठी फक्त चौथी तार दुसऱ्या फ्रेटवर दाबावी. आणि सीसाठी त्यात दुसऱ्या तारेचा पहिला फ्रेट जोडावा. एवढ्या तीन तारांत चारही कॉर्ड कळतात. त्यांत पायाला षड्ज कुठेही नाही, हे महत्त्वाचे आहे: जी कॉर्ड वाजत असताना तळाला पंचम, म्हणजे डी ऐकू येतो. गाणे घरातच आहे, पण अजून जमिनीवर टेकलेले नाही, असे वाटत राहते.

दुसऱ्या ध्रुवपदाला पाचवी आणि पहिली तार सामील करावी आणि पिकने वाजवावे, पण सहावी तार अजूनही बंद ठेवावी. जीमध्ये पाचवी तार दुसऱ्या फ्रेटवर दाबली की तळाला बी येतो आणि षड्ज पुन्हा लांबतो. तिसऱ्या ध्रुवपदाच्या समेवर प्रथमच सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी उतरवावा. हा स्वर सुमारे ९८ हर्ट्झचा असतो. सुमारे पावणेदोन मिनिटे टाळलेला तो खर्ज षड्ज उतरला, की श्रोत्याला कारण सांगता येत नसले तरी बदल जाणवतो.

तिसऱ्या कडव्याच्या शेवटच्या चार आवर्तनांत कॉर्ड बदलत असले, तरी तळाचा स्वर डीवरच रोखून धरावा. यासाठी चौथी तार मोकळी ठेवून वरच्या तीन तारा मोकळ्या वाजवल्या की ई मायनरची छाया मिळते. दुसरी तार पहिल्या फ्रेटवर दाबली की सीची छाया मिळते. आणि शेवटी डी सस फोर वाजवून पहिल्या तारेवरचे बोट तिसऱ्या फ्रेटवरून दुसऱ्यावर आणले की शुद्ध डी लागतो. पंचम असा अडून राहिला, की कानाला षड्जाची ओढ लागते. ती ओढ पुढच्या समेवर फेडायची असते.

दुसरी गिटार

दोन गिटारवादक असतील तर दोघांनी एकाच आकृत्या एकाच जागी वाजवणे हा दुसऱ्याचा अपव्यय आहे. समान आवाजाची दोन वाद्ये एकत्र वाजली तर पातळी सुमारे ३ डेसिबलच वाढते, आणि आवाज दुप्पट मोठा झाल्यासारखा वाटायला साधारण १० डेसिबल लागतात. म्हणजे माणसे वाढवून मोठेपणा फारसा मिळत नाही. तो वेगळ्या सप्तकातून मिळतो. दुसऱ्या वादकाने सातव्या फ्रेटवर कॅपो लावून जी, डी, ई मायनर, सी यांच्याऐवजी अनुक्रमे सी, जी, ए मायनर, एफ यांच्या आकृत्या वाजवाव्यात. त्याची सर्वांत खालची तार आता ८२ ऐवजी १२३ हर्ट्झच्या आसपास असते, त्यामुळे डग्गा आणि पहिल्या गिटारचा खर्ज यांना खाली मोकळी जागा राहते आणि वर एक चमक येते. तिसऱ्या ध्रुवपदात त्याने एकेक तार छेडावी आणि पूर्ण स्ट्रमिंग अखेरच्या ध्रुवपदासाठी ठेवावे.

पेटी, तबला, टाळ

पेटीचा सूर अखंड असल्यामुळे ती पहिल्या आवर्तनापासून दोन्ही हातांनी भरून वाजली, तर गिटारने कितीही संयम ठेवला तरी तो ऐकू येत नाही. पेटीवादकाला दुसऱ्या ध्रुवपदापर्यंत फक्त गायकाच्या ओळीमागून एकेरी सूर वाजवण्याची आदरपूर्वक विनंती करावी. आपल्या भागातले पेटीवादक साथीत मुरलेले असतात, त्यांना कारण सांगितले की ते आपल्यापेक्षा अधिक नेमके करतात. पेटीचे सूर बदलता येत नाहीत आणि ते ४४० हर्ट्झच्या मापात असतीलच असे नाही, म्हणून ट्यूनरचे मूळ माप पेटीच्या सुराला जुळवून मगच गिटार लावावी.

तबला किंवा ढोलकी पहिल्या ध्रुवपदात नसावीच. पहिल्या कडव्यात डग्ग्याशिवाय केवळ चाट, म्हणजे तबल्याच्या कडेवरचे बोल, दुसऱ्या ध्रुवपदात साधा ठेका, तिसऱ्यात भरीव ठेका आणि अखेरच्या सोळा आवर्तनांपैकी उत्तरार्धात लग्गी, असा क्रम मला योग्य वाटतो. चिकोडी-निपाणीकडे अनेकदा तबलजी कन्नडभाषक असतो आणि गायक मराठी असतो. तालमीत सम, खाली, दुगुन हे शब्द दोघांचेही असल्यामुळे हा तक्ता समजावताना कसलीच अडचण येत नाही. टाळ आणि खंजिरी यांचा नाद फार वरचा व धारदार असल्याने ती गिटारचा उजळपणा झाकतात, म्हणून ती शिखरापूर्वी वाजवूच नयेत.

कडवे आले की गाणे खाली उतरले पाहिजे, पण आधीच्या कडव्याइतके खाली नव्हे. सावंतवाडीकडून आंबोलीचा घाट चढून बेळगावला येताना मध्ये जशी सपाटी लागते, आणि प्रत्येक सपाटी आधीच्यापेक्षा उंचावर असते, तसे हे उतरणे असावे. दुसऱ्या कडव्यात गिटारने वरच्या दोन तारांपुरते मागे सरावे आणि ठेका हलका असला तरी चालू ठेवावा.

शिखराच्या दारातली शांतता

तिसऱ्या कडव्याच्या शेवटच्या आवर्तनासाठी दोन मार्ग आहेत. पहिल्यात चौथ्या मात्रेनंतर सर्व वाद्ये एकदम थांबतात आणि उरलेल्या चार मात्रा, म्हणजे दीड सेकंद, केवळ गायकाचा शब्द ऐकू येतो. त्यासाठी उजवा तळहात तारांवर सपाट ठेवावा आणि डाव्या हाताची बोटे न उचलता नुसती सैल करावीत. एकाच हाताने थांबवले तर एखादी तार घुमत राहते आणि शांतता डागाळते. दुसऱ्या मार्गात गिटार आणि तबला मिळून तिहाई घेतात: पहिल्या मात्रेपासून तीन-तीन मात्रांचा एकच तुकडा तीन वेळा वाजवला, की शेवटचा आघात नवव्या मात्रेवर, अर्थात पुढच्या समेवर पडतो. भावगीताला मी पहिला मार्ग घेतो आणि उत्सवी गाण्याला दुसरा. दोन्ही एकत्र करू नयेत.

मंच आणि ध्वनिमुद्रण

ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्याला गाण्याचा सर्वांत मोठा भाग आधी वाजवून दाखवावा आणि त्यावरच पातळी कायम करायला सांगावे. सुरुवातीच्या तीन तारा ऐकून त्याने गिटार वर चढवली, तर महिनाभराची मेहनत एका बटणात वाया जाते. इलेक्ट्रिक गिटार असेल तर ओव्हरड्राइव्ह, म्हणजे नाद खरखरीत करणारा परिणाम, हलक्या आणि जोरकस आघातांमधला फरक दाबून टाकतो, हे ध्यानात ठेवावे. तो शिखरासाठीच चालू करावा, किंवा गिटारवरचा व्हॉल्यूम अर्ध्यावर ठेवून क्रमाने उघडत न्यावा.

घरी ध्वनिमुद्रण करताना सुरुवातीची गिटार एकदाच मुद्रित करून मध्यभागी ठेवावी. अखेरच्या ध्रुवपदात तीच ओळ दोन वेळा स्वतंत्र वाजवून एक डावीकडे व एक उजवीकडे ठेवावी. एकाच मुद्रणाची नक्कल करून दोन्हीकडे ठेवल्यास रुंदी मिळत नाही, कारण ती दोन्ही वादनांतल्या बारीक फरकांतून निर्माण होते. खानापूरच्या पावसाळ्यात कौलांवर पडणाऱ्या सरींचा आवाज नेमका पहिल्या तीन तारांच्या नाजूक भागात घुसतो, म्हणून तो भाग उघडीप पाहून आधी उरकून घ्यावा. त्या दिवसांत दमट हवेने लाकूड फुगून तारा फ्रेटबोर्डपासून उचलल्या जातात आणि सूरही हलतात. प्रत्येक मुद्रणापूर्वी गिटार पुन्हा लावावी.

तालीम मोबाइलवर मुद्रित करून ती अगदी बारीक, जेमतेम ऐकू येईल एवढ्या आवाजात ऐकावी. त्या आवाजातही गाणे चढत असल्याचे जाणवले, तर बांधणी पक्की आहे. जाणवले नाही, तर आपण केवळ जोर वाढवला आहे. तक्त्याकडे परत जाऊन कोणत्या टप्प्यावर तारा, सप्तक किंवा आघातांची दाटी बदललेली नाही, ते शोधावे. नंतर पहिले ध्रुवपद आणि शेवटचे ध्रुवपद लागोपाठ ऐकावे. दोन्हींत फरक कमी वाटला, तर शेवटी काही वाढवण्यापेक्षा पहिल्यातून आणखी काही काढता येईल का ते पाहावे. मला आजवर बहुतेक वेळा ते काढता आले आहे.

शेवटची चार आवर्तने उतरणीची आहेत. टाळ आणि तबला समेवर थांबतात, कोरस एका श्वासात विरतो, आणि पहिली गिटार पुन्हा चौथ्या, तिसऱ्या व दुसऱ्या तारेवर येऊन आरंभीचे कॉर्ड अंगठ्याने वाजवते. अखेरच्या जीला मात्र सहाव्या तारेवरचा षड्ज हलकेच जोडावा, हात तारांवरून दूर घ्यावा, आणि नाद आपोआप विरेपर्यंत कोणीही हलू नये.